ताईंचं बुटकं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. इतकं बुटकं, की वॉर्डातल्या खुर्च्या मला मनातल्या मनात हसत असतील. हसू देत! मी जे पाहिलंय ते त्यांच्या वाट्याला कुठलं यायला?

माझा जन्म मनोरुग्णालयाच्या सुतारशाळेत झाला. तिथला एक रुग्ण महिनोन्‌महिने कुणाशी अवाक्षर बोलत नव्हता. आमच्या ताई, म्हणजे तिथल्या समाजसेविका, रोज त्याच्याशेजारी जमिनीवर बसायच्या. ना प्रश्न, ना उपदेश. एके दिवशी त्याने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "ताई, बसा." ताईंचे डोळे भरून आले. माझ्या लाकडाला पालवी फुटायचीच काय ती बाकी होती!

पुढे ताई कॅन्सरच्या रुग्णालयात गेल्या, तेव्हा मलाही घेऊन गेल्या. खाटेपाशी उभ्याने बोलणं त्यांना मुळीच खपत नसे. माझ्यावर बसल्या की रुग्णाला मान वर करावी लागत नसे.

तिथे एक ड्रायव्हरकाका होते. त्यांच्या मुलीने ताईंना आधीच बजावलं होतं, "बाबांना कॅन्सरचं सांगू नका हं. साधी गाठ आहे म्हणून सांगितलंय." इकडे काका ऑपरेशनला काही केल्या तयार होईनात. आणखी उशीर झाला तर हाती काही उरणार नाही, असं डॉक्टर म्हणत होते.

ताई माझ्यावर बसल्या. "काका, तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचारलं आणि गप्प राहिल्या. अगदी गप्प.

"कॅन्सर आहे, दुसरं काय!" काका शेवटी म्हणाले. "पण ऑपरेशन केलं की लेकीला कळेल. कोसळेल हो ती. तिला सांगू नका."

लेक थर्मास घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ताई उठल्या आणि तिला माझ्यावर बसवलं. बापलेक हमसून हमसून रडले. मग काका नाक पुसत म्हणाले, "दोघंही थापाडे, आणि दोघंही नापास!" दुसऱ्या दिवशी ते ऑपरेशनला गेले आणि पुढे स्वतःच्या पायांनी घरीही गेले.

आता ताई निवृत्त झाल्यात. नव्या समाजसेविकांना बसायला चाकांच्या खुर्च्या आल्या आणि मी अडगळीत पडलो आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण नवल त्याहून मोठं वाटतं. नुसतं शेजारी बसायचं, आणि केवढं घडतं!

मित्रांनो, आजारी माणसाला भेटायला गेलात, तर दारातूनच "काळजी घ्या" म्हणून पळू नका. बसा.