शाळेच्या बसची लाल पाटी

मी एक जुनी लाल पाटी आहे. आठ कोनांची, पत्र्याची, पांढऱ्या किनारीची. विस्कॉन्सिनमधल्या एका दूधदुभत्याच्या गावात, शाळेच्या नऊ नंबरच्या पिवळ्या बसवर, चालकाच्या खिडकीखाली माझी उमेदीची सारी वर्षे गेली. आता माझा एक कोन दुमडला आहे आणि बिजागरी तर कधीच तुटली. पण मित्रांनो, मी रडगाणे गायला बसलेली नाही. मला आभार मानायचे आहेत.

कारखान्यातले दिवस फारसे आठवत नाहीत. पत्रा कापला, रंग दिला, 'थांबा' अशी अक्षरे उमटवली, एवढेच. खरे आयुष्य सुरू झाले ते वर्ना हॉगलंडपाशी. वर्ना आमची चालक. पन्नाशीची, रुंद खांद्यांची; पहाटे तीस गाईंचे दूध काढून मग बसवर यायची. बोलणे मोजकेच. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने माझा चिखल पुसायची, थंडीत माझ्यावरचा बर्फ खरवडायची. "तू दिसली नाहीस तर माझी पोरंही दिसणार नाहीत," असे एकदाच पुटपुटली होती.

माझे काम सोपे होते. मुलांचा थांबा जवळ आला की आधी पिवळे दिवे लुकलुकत. मग बस थांबे, लाल दिवे लागत आणि मी दाराच्या उलट बाजूला, आडवा हात धरावा तशी रस्त्यावर बाहेर येई. मी आत मिटेपर्यंत मागून येणाऱ्याने थांबायचे आणि समोरून येणाऱ्यानेही. मधे दुभाजक असेल तर पलीकडच्यांना मोकळीक असते, पण आमच्या शेतांमधल्या रस्त्यांना कसला दुभाजक?

बहुतेक लोक थांबत. दुधाचा टँकर चालवणारा एल्रॉय तर मी लांबून दिसताच वेग उतरवी आणि स्टिअरिंगवरची दोन बोटे उचलून वर्नाला रामराम करी. असे किती जण रोज थांबले असतील! त्यांना कुणी शाबासकी दिली नाही. थांबल्यावर काहीच घडत नाही ना. मग शाबासकी कशाची द्यायची?

शेतांमधल्या एका थांब्यावर मॅरेन उतरायची. सहा वर्षांची, गुडघ्यापर्यंत बूट घातलेली. तिचे घर रस्त्यापलीकडे. वर्नाचा नियम होता: बसच्या पुढे दहा पावले चालायचे, वळून तिच्याकडे बघायचे आणि तिने हात हलवला की मगच ओलांडायचे. मॅरेन विसरायची. मग वर्ना तिला परत बोलवायची, पहिल्यापासून सगळे करायला लावायची. मागची मुले कुरकुरायची, "आज पण?" वर्नाने कधी माघार घेतली नाही.

मार्चमधली एक दुपार होती. वितळणाऱ्या बर्फावर धुके बसले होते. लाल दिवे लागले, मी बाहेर आले. समोर एल्रॉयचा टँकर थांबला. मॅरेन उतरली, दहा पावले गेली आणि वळून उभी राहिली. तेवढ्यात वर्नाला आरशात एक पिकअप गाडी दिसली. ती मागून सुसाट येत होती, वेग कमी होत नव्हता. वर्नाने हात हलवला नाही. पंजा उघडा धरून तो काचेवर दाबला आणि दुसऱ्या हाताने भोंगा वाजवला. मॅरेन जागची हलली नाही.

पिकअपने मला उडवले. मी रस्त्याकडेच्या चरातल्या बर्फात जाऊन पडले. पुढे टँकर रस्ता अडवून उभा होता, त्याच्या नाकाशी ती करकचून थांबली.

उतरला तो कर्टिस वेंडलंड, गुरांचे खाद्य विकणारा तरुण. चेहरा पांढराफटक. "बाई, मला वाटलं, तुम्ही मला पुढे जाऊ द्यायला थांबलात," तो म्हणाला.

वर्ना खाली उतरली होती. "तुमच्यासाठी नव्हते थांबले मी," ती म्हणाली. "तिच्यासाठी थांबले होते."

मग ती बसच्या पायरीवर बसली. मॅरेन जवळ आली आणि तिने हळूच विचारले, "मिस वर्ना, मी नीट थांबले ना?" वर्नाने तिला पोटाशी धरले.

बसला नवी पाटी आली. मला एल्रॉयने चरातून काढून शाळेत पोचवले. न्यायालयात कर्टिसने एकही सबब सांगितली नाही. काही महिने त्याचा परवाना गेला. परवाना परत मिळाल्यावर तो शाळेत वर्नाकडे गेला आणि त्याने मला मागून घेतले. तेव्हापासून दर शरद ऋतूत, गाडी शिकायला आलेल्या मुलामुलींपुढे तो मला टेबलावर ठेवतो आणि आपली चूक आपल्या तोंडाने सांगतो. मला मोडणाऱ्याबद्दलही माझ्या मनात आता कृतज्ञताच आहे.

मागच्या वर्षी एका मुलीने त्याला विचारले, "थांबला असता तर किती वेळ गेला असता?"

"नंतर मी घड्याळ लावून पाहिलं," कर्टिस म्हणाला. "बावीस सेकंद."

मित्रांनो, तुम्हीही उद्या गाडी चालवाल. कुठेतरी शाळेची गाडी उभी असेल, दार उघडे असेल, कुणाची तरी मॅरेन उतरत असेल. तेवढे बावीस सेकंद तिला द्या. कुणी तुमचे आभार मानणार नाही. म्हणून मी आत्ताच मानून ठेवते.