पुतळाच्या बीजगणिताला मास्तर पाहिजे

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला एका गोष्टीची कधी ददात पडत नाही, ती म्हणजे सल्ल्यांची. म्हाळसाबाईची पोरगी दहावीला बीजगणितात गेली हे कळायचा अवकाश, गारखेड्यातल्या चारी घरांनी तिला सल्ल्यांनी न्हाऊ घातलं. एक म्हणे पोरीला भिजवलेले बदाम द्या. एक म्हणे आधी तो टीव्ही बंद करा. आता घरात टीव्हीच नाही तर बंद कुठून करणार? आणि बदामाचं म्हणाल तर ते राहू द्या.

पोरीचं नाव पुतळा. आजीचं नाव ठेवलेलं. शाळेतल्या पोरी तिला चौकातला पुतळा म्हणायच्या, कारण वर्गात ती तोंड म्हणून उघडायची नाही. बाकी सगळ्या विषयांत निघाली, भूमितीनंसुद्धा हात दिला, पण बीजगणितानं बुडवलं. पेपरात नऊ मार्क. म्हाळसाबाई अंगठेबहाद्दर खरी, पण नऊ कमी असतात एवढं कळायला शाळा लागत नाही.

तिचा नवरा त्रिंबक वाळूजच्या एका कारखान्यात होता. मशीनवर लोखंडी पिना कापायच्या, आणि कापलेली एकेक पिन गेजात घालून मापात बसते का ते बघायचं, हे त्याचं बारा वर्षांचं काम. माणूस सरळ, पण एकदा बोलला की बोलला. निकालाच्या दिवशी पहिल्या पाळीवरून आला, जेवला, हात धुतला आणि म्हणाला, "ऑक्टोबरला परत बसू दे. निघाली तर तिला नर्स व्हायचंय ती होऊ दे, मी आडवा येणार नाय. नाय निघाली तर दिवाळी झाल्यावर केरबासंगं मेंढरामागं जाईल. घरात रिकामं बसवायचं नाय."

केरबा म्हणजे म्हाळसाबाईचा धाकटा भाऊ. पैठणकडं त्याची दीडशे मेंढरं. दिवाळी झाली की तो जो निघायचा, तो पावसाच्या तोंडाला परत यायचा. यंदा त्याच्या बायकोच्या पदरात तान्हं लेकरू होतं, आणि त्याला हाताखाली माणूस हवं होतं.

मेंढरामागं चालणं वाईट, असं म्हाळसाबाई कधी म्हणायची नाही. मेंढराच्या वासानं तिला अजूनही बरं वाटायचं. पण पहिलीत असताना तिनंही असंच एक दिवस दप्तर खुंटीला अडकवलं होतं, दोन महिन्यांनी परत येते म्हणून. ते दप्तर पुढं उंदरांनी खाल्लं. पोरीचं तसं व्हायला नको, एवढं एकच तिच्या मनानं धरलं होतं. आणि पोरगी काय म्हणाली? "माय, मी जाते मामासंगं. मला नाय येणार ते." घ्या! जिच्यासाठी जीव काढायचा तीच उठून निघालेली.

म्हाळसाबाईनं पदर खोचला आणि मास्तर शोधायला लागली.

पहिला मास्तर आशाबाईंनी सांगितला. आशाबाई म्हणजे तिच्या चार घरांतलं दुसरं घर, बोलायला गोड, भांडी मात्र चिकार. त्यांचा मुलगा ज्या मोठ्या क्लासला जायचा तिथं पुतळा गेली. नव्वद पोरं, वर पंखे आणि मास्तरांच्या हातात माईक. पंधरा दिवसांत पुतळानं दोन वह्या भरल्या. अक्षर असं मोत्यासारखं, की बघत राहावं. त्रिंबकनं वही उलटून विचारलं, "ह्यातलं कळलं किती?" पोरीनं वही ओढून दप्तरात घातली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! पण घडा पालथा घातला कुणी, हे कुणी विचारत नव्हतं.

दुसरा मास्तर तिसऱ्या घरातला. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा, स्वभावानं चांगला, फक्त घाईत जन्मलेला. "पायऱ्या पाठ कर, मार्क मिळतात," म्हणाला. पुतळानं पाठ केल्या. आठ दिवसांनी त्यानं नवं गणित घातलं, तर हिनं शेवटी एक्स बरोबर पाच लिहिलं.

"अगं, इथं पाच कुठून आला?"

"परवा एक्स पाच व्हता ना!"

तो पोरगा इतका हसला, की त्याच्या आईनं आतून येऊन विचारलं काय झालं. पुतळा त्या दिवशी घरी आली ती भिंतीकडं तोंड करून झोपली. म्हाळसाबाईला त्या पोराचा राग आला नाही, त्यानं मुद्दाम थोडंच केलं होतं. पण तिला पोरीची कीव आली, आणि भीती वाटली. अर्धा श्रावण सरला होता.

तिसरा मास्तर सांगितला चतुराबाईनं. ही शेजारीण, पलीकडच्या गल्लीत स्वयंपाकाची कामं करायची. "एक म्हातारा मास्तर हाय बघ. काकासाहेब म्हणत्यात. निजामाच्या वक्ताला उर्दूतून मॅट्रिक झालेला. पोलीस ॲक्शन झालं आन् मग मराठीतून शिकवाया लागला. रिटायर होऊन बी धा वर्सं झाली. लई खडूस. पोरांना दारातून परत लावतो. पन ज्याला घरात घेतो त्यो निघतोच."

"आन् आपल्याला घेईल का?"

"घेतलं तर घेतलं, नाय तर चहा बी देणार नाय. जाऊन तर ये!"

संध्याकाळी मायलेकी गेल्या. काकासाहेब ओसरीत खुर्चीवर बसले होते, डोळ्यांना जाड चष्मा, मांडीवर लांबट वही. बसा म्हणाले नाहीत, पण जा असंही म्हणाले नाहीत, म्हणून दोघी पायरीवर टेकल्या.

"काय अडतं?" त्यांनी पुतळाला विचारलं.

म्हाळसाबाईच म्हणाली, "बीजगणित अडतं जी."

"ते तुम्हाला अडतं की तिला? तिला विचारलं मी." मग त्यांनी वही उघडली. ज्याला शिकवायचं त्याचं पूर्ण नाव आधी ह्या वहीत लिहायचं, ही त्यांची जुनी सवय. घ्यायचं की नाही ते नंतर ठरवायचं. "हिचं नाव?"

"पुतळा."

"वडलांचं?" पोरगी पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली होती, म्हणून त्यांनी चष्मा आईकडं वळवला. "तुम्ही सांगा. नवऱ्याचं नाव काय?"

आता आली का पंचाईत! अठरा वर्षांच्या संसारात म्हाळसाबाईनं ते नाव घेतलं असेल ते लग्नाच्या हळदीत, तेही बायांनी वाट अडवून धरली म्हणून. मतदार यादीवाला आला तेव्हा शेजारणीनं सांगितलं होतं. तिनं पदर तोंडावर धरला.

"अहो बाई, माहीत नाही का?"

"माहीत हाय की! घेत नसत्यात."

"मग मी काय लिहू? रेघ मारून ठेवू?"

"तसं कसं! मी खूण सांगते, तुमी लिवा. आमच्या पैठणला गंगा येती ना, ती जिथून निघती तिथल्या देवाचं नाव."

काकासाहेबांनी लगेच टाक टेकवला. "गंगाधर."

"नाय जी."

"शंकर? महादेव?"

"नाय, नाय."

पुतळानं सांगायला तोंड उघडलं. काकासाहेबांनी बोट वर केलं. "तू सांगायचं नाही! तुला माहीत आहे, मला नाही. मला काढू दे माझं मी." आणि म्हाळसाबाईला म्हणाले, "बाई, तुमची ही एक खूण पुरत नाही. हिच्यात चार-पाच माणसं बसतात. दुसरी द्या."

म्हाळसाबाईनं जरा विचार केला. "तीन डोळं," ती पदराआडून म्हणाली.

"त्रिंबक!"

म्हाळसाबाई अशी लाजली, जशी कालच सासरी आली. काकासाहेब मात्र लिहायचे थांबले. टाक तसाच हातात, आणि नजर पोरीवर, कारण पोरगी हसत होती.

"ए पोरी. मला नाव कसं सापडलं?"

"मायनं दोन खुणा दिल्या."

"एकच दिली असती तर?"

"तर तुमी गंगाधर लिवलं असतं."

"आणि नुसतं तीन डोळे म्हटलं असतं तर?"

पुतळानं डोकं खाजवलं. "त्रिलोचन बी झालं असतं. आमच्या शाळेत हाय एक."

काकासाहेबांनी वहीचं मागचं पान उघडलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, एक्स अधिक वाय बरोबर दहा. "ही गंगा जिथून निघते तिथला देव. कोण कोण बसतं हिच्यात?"

"नऊ आन् एक. आठ आन् दोन. सात आन् तीन." ती थांबली. "लई बसत्यात, सर."

त्यांनी खाली दुसरी ओळ लिहिली, एक्स वजा वाय बरोबर चार. "आणि हे तीन डोळे."

पुतळा बोटांवर एकेक जोडी मोजत गेली. आत कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

"सात आन् तीन," पुतळा म्हणाली. "दुसरं कुणी बसतच नाय."

"उर्दूत आम्ही एक्सला नामालूम म्हणायचो," काकासाहेब म्हणाले. "नाव ठाऊक नाही असा माणूस. पण माणूस आहेच. त्याच्या खुणा गोळा करायच्या आणि त्याच्यापर्यंत जायचं. एवढंच आहे हे शास्त्र. बाकी सगळी हमाली."

मग पुतळानं तो प्रश्न विचारला. आठवीत तिनं तो एकदाच विचारला होता, सगळा वर्ग हसला होता, आणि तेव्हापासून तिनं वर्गात विचारणंच सोडलं होतं. "सर, मग एक्स रोज बदलतो का? परवा पाच, आज सात. त्याचं खरं काय?"

काकासाहेब हसले नाहीत. ते म्हाळसाबाईकडं वळले. "बाई, तुमची शेजारीण 'आमचे हे' म्हणते, ती कुणाला?"

"तिच्या मालकाला."

"तुमच्या मालकाला नाही?"

"आगं बया! काय बोलता गुर्जी!"

पुतळा अशी खो खो हसली, की गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. "माय, म्हंजी एक्स म्हंजी 'आमचे हे'! ज्या घरात त्या घरातले!"

"ज्या गणितात त्या गणितातले," काकासाहेब म्हणाले, आणि वहीत त्रिंबक हे नाव पूर्ण केलं. "उद्यापासून पाचला. उशीर झाला तर दार बंद."

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, कारण ते कष्टाचे होते, आणि कष्ट सगळीकडं सारखेच दिसतात. पोरगी रोज पाचला जायची. कधी रडत यायची, कधी चिडत. पण आता ती चिडून बोलायची, "सरांनी असं का केलं, तसं का नाय केलं," आणि म्हाळसाबाईला ते ऐकूनच बरं वाटायचं. ऑक्टोबरात पेपर झाला. पोरगी म्हणाली, "बरा गेला." एवढंच.

आणि दिवाळी आली.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी केरबा ओवाळणीचं लुगडं काखेत घेऊन दारात उभा. मेंढरं बीड बायपासच्या पलीकडं थांबवली होती. चहा झाला, लेकराबाळांची खुशाली झाली. मग तो म्हणाला, "दाजी, पोरीचं काय ठरलं? मला आजच्या आज निघायला लागंल."

निकाल लागायला अजून महिना होता. हे म्हाळसाबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं! तिनं परीक्षेपर्यंतचं सगळं बघितलं होतं, आणि परीक्षेच्या पुढं ही मधली खाई आहे हे तिला आत्ता दिसलं.

त्रिंबक मिशीवर हात फिरवत राहिला. "बोली झाली व्हती, पास झाली तर. आता निकाल नाय, तर पास कशी म्हणू? आन् केरबाला बी माणूस पायजे." मग त्यानं हाक मारली, "पुतळे, इकडं ये. तू सांग, काय करू?"

म्हाळसाबाईला वाटलं, झालं. आता ही मान खाली घालणार आणि मामाची काठी उचलणार.

"मी पास हाय, दादा," पुतळा म्हणाली.

"निकाल लागला का?"

"नाय लागला. पन मला माहीत हाय."

"कशावरून?"

"उत्तर आलं की ते परत गणितात घालून बघायचं. दोन्ही अंगानं जुळलं तर बरोबर, नाय जुळलं तर चूक. ताळा म्हणत्यात त्याला. मी एकेका गणिताचा ताळा केला. दोन नाय जुळली, ती सोडून दिली. बाकीची समदी जुळली. ती बरोबरच हायत. तपासणाऱ्याला इचारायची गरज नाय."

त्रिंबकचा हात मिशीवरच थांबला. "म्हंजी गेज लावल्यावानी?"

"व्हय. तसंच."

बारा वर्षं त्रिंबक पिना गेजात घालत होता, आणि गेजात बसलेली पिन घेऊन तो कधी साहेबाच्या मागं फिरला नव्हता, की बघा हो, ही बरोबर आहे का म्हणून.

"केरबा," तो म्हणाला, "दुसरं माणूस बघ बाबा. पोरगी पास हाय."

"आन् निकाल?"

"लागंल की. बोर्डाला उशीर व्हतो, तिला नाय झाला."

केरबानं एकदा बहिणीकडं बघितलं आणि काठी उचलली. राग नाही धरला त्यानं. जाताना पुतळाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "नर्स झाली की आमाला फुकट सुई दे बरं." म्हाळसाबाईनं त्याला शिदोरी बांधून दिली. बांधता बांधता ती रडली, आणि रडू लपवायच्या भानगडीत पडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पेढे घेऊन काकासाहेबांच्या ओसरीवर गेली. त्यांनी चष्म्यातून पेढ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"हे कशाचे? निकाल कुठं लागलाय अजून?"

"पोरीनं लावला, गुर्जी," म्हाळसाबाई म्हणाली. "आन् ह्यांनी मानला."

त्यांनी अख्खा पेढा तोंडात टाकला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला.