आखूड पेटी

मी शवपेट्या करतो. माणूस दारातून आत आला की त्याची लांबी मला नजरेनेच कळते. टेप नंतर लावतो, समोरच्याच्या समाधानासाठी. आजवर एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलेलं नाही. हा विनोद माझ्या बापाचा. त्याच्याकडे तेवढा एकच होता.

बापाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, तळाच्या फळीला खिळे चालत नाहीत, स्क्रूच मारायचे. दोन, दुसऱ्या सुताराच्या कामाला नावं ठेवायची नाहीत, आणि तो सुतार समोर उभा असेल तर मुळीच नाहीत. दुसरी गोष्ट मी कायम पाळली. पहिली एकदाच पाळली नाही.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि पेटी आईची होती. बाप भिंतीकडे तोंड करून बसलेला, म्हणून काम माझ्याकडे आलं. स्क्रू संपले होते. दुकान उघडायला तासभर अवकाश होता. मी खिळे मारले. कबरीत उतरवताना, दोर अर्धे सोडले असतील नसतील, तळ सुटला. सगळं सांगत नाही. एवढंच सांगतो की आमच्या चर्चचे पाळक, तेव्हा धट्टेकट्टे होते, कोटासकट चिखलात उतरले आणि त्यांनी आईला हातांवर घेतलं.

आठवड्याच्या आत लोकांनी माझं नाव बिनबुड्या ठेवलं. त्याला पंचवीस वर्षं झाली. ज्यांनी ठेवलं त्यातल्या निम्म्यांच्या पेट्या नंतर मीच केल्या. सगळ्यांना स्क्रू मारले.

नावाचा मला राग आला नाही. पटलं ते. घरातला कान तुटलेला कप माझा. फोटो काढताना मी कडेला, अर्धा बाहेर. बायको नवा शर्ट आणायची, मी तो कपाटात ठेवायचो, त्या लायकीचा झालो की घालू म्हणून. कपाटात अकरा शर्ट जमले होते.

मंडळीत याला नम्रता म्हणतात. पाळकांनी तीनदा व्यासपीठावरून माझं उदाहरण दिलं. सकाळच्या प्रार्थनासभेत मी शेवटच्या बाकावरून देवाला रोज कळवायचो की मी टाकाऊ आहे, सडका आहे, कुजका माल आहे. लोक डोळे मिटून आमेन म्हणायचे. हा माणूस प्रार्थना करतोय की स्वतःला लाथा घालतोय, हे विचारावंसं एकालाही वाटलं नाही. लाथा घालताना आवाज हळू ठेवला की लोक भक्त समजतात.

मग मला हर्निया झाला. फळ्या उचलून होतो. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात ऑपरेशन करून घ्या, आतडं अडकलं तर जीवाशी खेळ आहे. मी म्हणालो, बघू. बघण्यासारखं काही नव्हतं. खराब फळीवर कोण पॉलिश मारतं?

वर्कशॉपमध्ये परत आलो आणि स्वतःची पेटी करायला घेतली. चांगलं लाकूड वापरलं नाही. चार जातींचे उरलेले तुकडे जोडले. डोक्याकडची फळी एका खोक्याची होती, तिच्यावर बाण होता आणि छापलेलं होतं, 'ही बाजू वर'. रंधा मारून काढायचा कंटाळा केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको डबा घेऊन आली.

"ही कुणाची?"

"आहे एकाची."

"कोण गेलं?"

"अजून गेलेला नाही."

तिने ते चार रंगांचं लाकूड पाहिलं. डबा माझ्या हातात दिला नाही, पेटीवर आपटला आणि निघून गेली. अर्ध्या तासात पाळकांना घेऊन आली. ते आता म्हातारे आहेत, गुडघे दुखतात. आमचं लग्न त्यांनीच लावलेलं, त्यामुळे आमच्या घरात काही बिनसलं की बायको त्यांनाच जबाबदार धरते. ते भुशाच्या पोत्यावर बसले.

"झोपा," बायको मला म्हणाली.

"काय?"

"आत झोपा. ऑपरेशन करायचं नाही, मरायचंच ठरलंय ना? मग माप बघू दे. ऐन वेळी चारचौघांत माझी शोभा नको."

मी झोपलो. डोकं टेकलं, पण पाय मावेनात. गुडघे वर करावे लागले. पाठीवर उलटा पडलेला बेडूक दिसतो तसा दिसत असणार. बायकोने माझाच टेप लावला.

"सात इंच कमी." तिचा आवाज चिरकला. "अहो, जगाची मापं नजरेनं घेता, आणि स्वतःला सात इंच कापलंत?"

"पाय दुमडून घाल."

तिने पेटीवर लाथ मारली. पेटी हलली नाही. काम माझं होतं.

"तळाला काय मारलंयस?" पाळकांनी विचारलं.

"स्क्रू."

"बरं केलंस. तेव्हा चूक तुझीच होती. खिळे मारायला नको होते."

पंचवीस वर्षांत हे मला तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. तोंडावर सगळे म्हणायचे तुझी काय चूक रे, आणि पाठ वळली की बिनबुड्या.

"मग?" मी झोपूनच विचारलं.

"मग काय? त्या चुकीसकट प्रभूनं तुला आपलं म्हटलंय. तुझ्या वाटणीचं मरण तो क्रुसावर मरून चुकलाय. त्याचं काम अर्धवट राहिलं असं वाटतं का तुला, म्हणून वरून स्वतःची भर घालतोयस?"

पाळकांनी गुडघा चोळला.

"दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवू नयेत, हे तुझा बाप सांगायचा ना?"

"हो."

"तुला कुणी बनवलं?"

"देवानं."

"सकाळच्या प्रार्थनेला तो हजर असतो की नाही?"

"असतो."

"मग त्याच्या तोंडावर रोज त्याच्या कामाला सडकं म्हणतोस. आणि मी गाढव, लोकांना सांगतो, नम्रता शिका याच्याकडून." ते माझ्याकडे बघत नव्हते. "माझं चुकलं. पुढच्या रविवारी तेही सांगतो."

मला काहीही म्हणा, पापी म्हणा, मी स्वतःच म्हणत होतो. पण दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवली असं मला कुणी म्हणू शकलं नव्हतं. म्हाताऱ्याने नेमकं तेच म्हटलं, आणि त्याचं खोटं नव्हतं. चारी बाजूंनी फळ्या होत्या, तोंड वळवायलाही जागा नव्हती.

उठायला गेलो तर पोटात कळ आली. पाळक दुखऱ्या गुडघ्यांवर वाकले, माझ्या काखांत हात घातले, बायकोने पाय धरले आणि दोघांनी मला बाहेर काढलं. या वेळी चिखल नव्हता, भुसा होता. त्या हातांना हे काम माहीत होतं.

हॉस्पिटलात नवा शर्ट घालून गेलो. अकरातला पहिला. नर्स फॉर्म भरत होती.

"उंची?"

"पाच अडीच."

तिने मला खालून वर पाहिलं. "कुणाची सांगताय? उभे राहा इथं." वजनकाट्याची उंची मोजायची पट्टी माझ्या डोक्यावर टेकली. "पाच साडेनऊ."

बायको बाकावर बसून पदर तोंडाला लावून हसत होती. नंतर रडत होती. नर्सने दोन्हीकडे लक्ष दिलं नाही.

आत टेबलावर प्रार्थना करायला गेलो तर सवयीने 'टाकाऊ' जिभेवर आलं. ते गिळलं. दुसरं काही पाठ नव्हतं. मग एका सुताराने दुसऱ्याला म्हणावं तसं म्हणालो, काम चांगलं आहे. मागाहून 'तुमचं' जोडलं. तेवढ्यात गुंगी आली.

ऑपरेशन नीट झालं. तीन महिने वजन उचलायचं नाही असं ठरलं. पेटीत बायकोने जाड पांघरुणं भरली. बाण अजून वरच आहे.

महिन्याभराने उपकारस्तुतीची उपासना होती. त्या दिवशी एकेकाने उभं राहून देवाचे उपकार मानायचे असतात. कुणी नोकरीचे मानले, कुणी नातवाचे. पंचवीस वर्षं माझी पाळी आली की मी बुटाची नाडी बांधायचो. या वेळी उभा राहिलो.

"माझी उंची पाच फूट नऊ इंच आहे," मी म्हणालो. "देवाचे उपकार."

आणि खाली बसलो. यावर आमेन म्हणायचं की नाही, मंडळीला कळेना. पुढच्या बाकावरची दोन डोकी मागे वळली. एकटे पाळक मोठ्याने आमेन म्हणाले.

बायकोने कोपराने ढोसलं. "साडेनऊ."

मी परत उभा राहिलो.