सत्तेचाळीस नंबरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण खडूने लिहायचा नव्हे. माझ्यावर कोणी कधी गणित सोडवलं नाही की सुविचार लिहिला नाही. मी मुलींच्या वसतिगृहाचा आत-बाहेर फळा. सध्या जिन्याखालच्या अडगळीत, मोडक्या खाटा आणि फुटक्या बादल्यांच्या सोबतीला, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मला कोणी मुद्दाम तसं ठेवलेलं नाही. सामान हलवणाऱ्या माणसाने जागा बघून टेकवलं, एवढंच. पण मला ते बरंच वाटतं. तुमच्याकडे तोंड करून हे सांगणं मला जमलं नसतं.

माझा जन्म कॉलेजच्या कामशाळेतला. सुतारकाकांनी मला घडवलं. वसतिगृहात तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या आणि खोलीत एकेक मुलगी. म्हणून माझ्यावर साठ ओळी. प्रत्येक ओळीत खोलीचा नंबर, एक खाच आणि त्या खाचेत सरकणारी बोटभर लाकडी पट्टी. पट्टी एका बाजूला सारली की 'आत' हा शब्द दिसायचा, दुसऱ्या बाजूला सारली की 'बाहेर'. काकांनी खाचांना मेण इतकं छान लावलं होतं की नुसतं बोट लागलं तरी पट्टी पळायची. मला दारासमोरच्या भिंतीवर ठोकून ते पहारेकरीण मावशींना म्हणाले, "घ्या मावशी, आता तुमचे गुडघे सुटले!"

गुडघे सुटले म्हणजे काय, ते सांगतो. मी येण्याआधी मावशी रोज दिवेलागणीला तिन्ही मजले चढायच्या. साठ दारं वाजवायच्या. "आहेस का गं?" त्या विचारायच्या आणि आतून "आहे, मावशी!" असं उत्तर आलं की पुढच्या दाराकडे वळायच्या. पण सगळ्या मुली तेवढ्यावर थोड्याच सोडतात! एखादी बोटाला झालेली जखम दाखवायची, एखादीला बटण लावून हवं असायचं, एखादी घरच्या आठवणीने रडून लाल झालेली असायची. दीड तास सहज जायचा. मी आल्यावर तेच काम पाच मिनिटांत होऊ लागलं. मावशी चष्मा चढवून माझ्यासमोर उभ्या राहायच्या, वरून खाली नजर फिरवायच्या आणि वहीत आकडा टिपायच्या. रेक्टरबाई पाहुण्यांना मला दाखवून म्हणायच्या, "आमचा हा फळा म्हणजे निम्मी पहारेकरीण." मी फुगून जायचो. काय सांगू, लाकडाला फुगायला पाणीच लागतं असं नाही.

हळूहळू माझा तोरा वाढला. स्वयंपाकघरातल्या काकू सकाळी येऊन माझ्यावरचे 'आत' मोजायच्या आणि तेवढ्याच मुलींचा स्वयंपाक करायच्या. सुट्टीच्या दिवसांत एखाद्या मजल्यावरच्या वीसच्या वीस पट्ट्या 'बाहेर' दिसल्या, की मावशी खालच्या खोलीत जाऊन त्या मजल्याचा पाण्याचा कॉक फिरवून बंद करायच्या. वरचे नळ गळके होते, पाणी वाया जायचं. म्हणजे बघा, कोणाला जेवण आणि कोणाला पाणी, हे माझ्या तोंडाकडे बघून ठरत होतं.

आणि माझं तोंड खरं बोलत होतं का? नव्हतं, मित्रांनो. मुली माझ्या तोंडून सर्रास खोटं वदवायच्या. कोणी सिनेमाला गेलेली असली की मैत्रीण तिची पट्टी गुपचूप 'आत' करायची. कोणाला कंटाळवाणं व्याख्यान टाळायचं असलं की ती स्वतःची पट्टी 'बाहेर' करून वर ढाराढूर झोपायची. जिना माझ्या डोळ्यांसमोर होता. कोण वर गेली, कोण खाली आली, मला सगळं ठाऊक असायचं. मुलींनी मला खोटं बोलायला शिकवलं असं म्हणून हात झटकता आले असते, पण मला ती गंमत आवडायची. मावशी भोळेपणाने आकडा टिपायच्या आणि मी मनातल्या मनात हसायचो.

त्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर दोन मैत्रिणी होत्या. एकीला सगळ्या घाईबाई म्हणायच्या. तिच्या पायाला भिंगरी होती. जिना उतरायची तीही दोन-दोन पायऱ्या गाळून. पट्ट्या सरकवायची तिची तऱ्हाच निराळी. चार-पाच जणी मिळून निघाल्या की ती तळहाताची कड खाटकन वरून खाली फिरवायची आणि सगळ्यांच्या पट्ट्या एका झटक्यात 'बाहेर'! तिचं बघून इतर मुलीही तसंच करू लागल्या. दुसरी मैत्रीण सत्तेचाळीस नंबरच्या खोलीतली, हळूबाई. तिचं बोलणं हळू, चालणं हळू, जेवणंही हळू. तिचे वडील शिंपी होते आणि तिचे सगळे कपडे त्यांच्या हातचे. ती एकटीच अशी होती, जी नेहमी स्वतःची पट्टी स्वतःच सरकवायची, तीही एका बोटाने, अगदी जपून. सहामाही परीक्षा संपेपर्यंत तिने माझ्या तोंडून एकदाही खोटं वदवलं नाही.

परीक्षा संपली आणि चार दिवसांची सुट्टी लागली. शनिवारी सकाळी जिन्यावर नुसती झुंबड. पिशव्या, वळकट्या, निरोप. तिसरा मजला सगळाच घरी निघाला होता. घाईबाईने खालूनच हाक मारली, "अगं ए हळूबाई, गाडी काय तुझ्यासाठी थांबणार आहे का?"

वरून आवाज आला, "तुम्ही व्हा पुढे. डोकं जड झालंय जरा. मी येतेच, स्टेशनवर गाठते."

"हिचं 'येतेच' म्हणजे अर्धा तास," घाईबाई हसली, आणि तिने तळहाताची कड एकेचाळीसपासून साठपर्यंत फिरवली. खट्, खट्, खट्. वीस पट्ट्या, वीस वेळा 'बाहेर'. सत्तेचाळीसही त्यातच गेली. मुली निघून गेल्या. त्यांना वाटलं, ती मागच्या गाडीने येईल.

ती खाली आलीच नाही. मी जिन्याकडे बघत होतो. नऊ वाजले, दहा वाजले. मावशी आल्या, त्यांनी तिसरा मजला पाहिला, वहीत शून्य लिहिलं आणि जाऊन कॉक बंद केला. मित्रांनो, आत एक मुलगी होती आणि माझ्या तोंडावर 'बाहेर' होतं. मी लाकूड, मी काय करणार, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण त्या वेळी मला साधी काळजीही वाटली नाही. मला वाटलं, हीसुद्धा शेवटी शिकली तर! झोपली असेल मस्त.

संध्याकाळी वरून आवाज आला. टण्. मग थोडं थांबून पुन्हा, टण् टण्. खाटेच्या लोखंडी दांड्यावर पेला आपटावा तसा. काकू भाजी निवडत दाराशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"मावशी, वर काहीतरी वाजतंय हो."

मावशी उठल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला. तेवढ्यात त्यांचा हात गुडघ्यावर गेला आणि नजर माझ्यावर.

"छे गं, वर कोणी नाही. हे बघ ना, सगळ्या बाहेर. खिडकी आपटत असेल एखादी."

आणि त्या परत येऊन बसल्या. टण् टण् आणखी दोनदा झालं, मग थांबलं. मावशींच्या कानांनी ऐकलं होतं, मित्रांनो. कानांपेक्षा त्यांनी माझ्यावर जास्त भरवसा ठेवला. ज्या भरवशाने मी इतकी वर्षं फुगत होतो, तो हा भरवसा. तेव्हा कुठे मला कळलं की वर झोप नाही, काहीतरी निराळंच आहे. पट्टीने आपण होऊन सरकावं म्हणून मी किती आटापिटा केला, ते माझं मला ठाऊक. सुतारकाकांनी मेण लावलं होतं ते बोटांसाठी. नुसत्या इच्छेने पट्टी तसूभरही हलत नाही.

रविवारी सकाळी फोन वाजला. हळूबाईचे वडील होते. तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते. एक फोन मावशींच्या टेबलावर, आणि वडील कुठल्याशा दुकानातून बोलत होते. मुलगी घरी पोहोचली नव्हती. मावशींनी मान वळवून मला विचारल्यासारखं पाहिलं आणि सांगितलं, "निघाली की ती! शनिवारीच. फळ्यावर 'बाहेर' आहे." मग एकच धावपळ उडाली. रेक्टरबाईंनी पोलिसांना कळवलं, माणसं स्टेशनवर गेली, इस्पितळं धुंडाळली. सगळं शहर पालथं घातलं. तिसरा मजला तेवढा कोणी बघितला नाही.

सोमवारी सकाळी वडील स्वतः आले. बारीक चणीचा माणूस, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, खिशात अजून शिंप्याचा खडू. हातातलं काम टाकून उठले असावेत. ते माझ्यासमोरच्या बाकावर बसले. बसले म्हणजे बसलेच. पाण्याचा पेला पुढे केला तर हातात धरून राहिले, प्याले नाहीत. त्यांची नजर माझ्यावरून हलेना. शेवटी त्यांनी विचारलं, "मावशी, हा फळा चुकत नाही ना कधी?"

"कधीच नाही," मावशी म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. माणूस चुकेल एखादवेळी, हा नाही."

बाप खाली बसून होता, मुलगी तीन मजले वर होती, आणि मधे मी. आयुष्यात मला अनेकदा लाज वाटली आहे, पण त्या दोन तासांतली लाज अजून अंगावर आहे. मान खाली घालावी तर मला मान नाही. तोंड फिरवावं तर खिळ्यांनी घट्ट ठोकलेला. वडील बघत राहिले आणि मी 'बाहेर' म्हणत राहिलो.

अकराच्या सुमारास पोलीस ठाण्यातून निरोप आला की मुलीचा अलीकडचा फोटो हवा. वडिलांच्या पाकिटातला फोटो शाळेतला, दोन वेण्यांचा होता. "तिचं कॉलेजचं ओळखपत्र खोलीत राहिलंय का, बघू या," मावशी म्हणाल्या आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन वडिलांबरोबर जिना चढू लागल्या. किती महिन्यांनी त्या तिसऱ्या मजल्यावर जात होत्या कोण जाणे. मग वरून मावशींची किंकाळी ऐकू आली, "अहो, बाहेरून कुलूपच नाही! आतून कडी आहे!"

सुतारकाकांना धावत जाऊन बोलावलं. त्यांनी दार फोडलं. वडील तिला दोन्ही हातांवर घेऊन खाली उतरले, तेव्हा तिचे ओठ तडकलेले होते, डोळे अर्धे मिटलेले. उशाशी रिकामी बाटली होती, असं मावशी नंतर रडत रडत सांगत होत्या. खोलीतल्या नळाखाली बादलीही लावलेली होती. कोरडी. माझ्यासमोरून जाताना वडिलांनी एकदा वर पाहिलं. सत्तेचाळीस, बाहेर. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ती वाचली, मित्रांनो. पण ताप डोक्यात गेला होता आणि तिच्या डाव्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं. शनिवारी आणली असती तर कदाचित कानही वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

सुट्टी संपल्यावर रेक्टरबाईंनी सगळ्यांना माझ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, पट्टी कोणी सरकवली? घाईबाई पुढे आली. "मी, बाई. खाली आली की नाही ते बघितलंसुद्धा नाही मी." मग मावशी म्हणाल्या, "आवाज मी ऐकला होता, बाई. चढायचा कंटाळा केला." काकू म्हणाल्या, "मीही ऐकला होता. पुन्हा सांगायला हवं होतं." तिघींनी आपापली चूक कबूल केली. एकटा मी तेवढा चकाचक मिरवत भिंतीवर राहिलो. म्हणून आज ही कबुली देतो आहे, इतक्या वर्षांनी, भिंतीकडे तोंड करून.

दोन महिन्यांनी हळूबाई परत आली. तोपर्यंत तिच्या पट्टीला हात लावायचं धाडस कोणालाच झालं नव्हतं. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि एका बोटाने, जपून, तिने ती 'आत' सारली. "असू दे गं ते," मावशी म्हणाल्या. "त्याच्या जिवावर नाही राहायची मी आता. संध्याकाळी येते वर." आणि त्या आल्या. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत, गुडघे धरून, रोज.

पुढे मावशी गेल्या, काकू गेल्या. दाराशी अंगठा लावायचं यंत्र आलं आणि मला इथे टेकवलं. यंत्र फार हुशार आहे म्हणतात. असेल. मलाही तसंच म्हणायचे.

पण मी जिन्याखाली आहे ना, त्यामुळे वरून जाणारी पावलं मला कळतात. दोन वर्षांपूर्वी नव्या रेक्टरबाई आल्या. रोज दिवेलागणीला त्या जिना चढतात, अगदी हळू, एक-एक पायरी. मुलींना त्यांचं नवल वाटतं. "अगं, यंत्रात सगळं दिसतं, तरी बाई दारं का वाजवत फिरतात? आणि ती मान अशी वाकडी करून उजवा कान दाराला का लावतात?" दोघीजणी परवा माझ्या डोक्यावर, पायरीवर बसून हसत होत्या. मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. वरून आवाज येतो, "आहेस का गं?" आणि उत्तर येईपर्यंत पावलं हलत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्यांवर धूळ साचू द्या, हरकत नाही. पण शेजारच्या खोलीतलं कोणी दोन दिवस दिसलं नाही, तर फळ्याला, यंत्राला, वहीला विचारू नका. उठा, दार वाजवा. आणि आतून आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहा.