पंचवीसच्या आतली गाडी

लायसन्स हा शब्द मी चाळीस वर्षं घरात ऐकला, पण मला ते कधी मिळालं नाही. नवरा, शरच्चंद्र, आरटीओत हेडक्लार्क. मी दोनदा परीक्षा दिली आणि दोन्ही वेळा आठचा आकडा काढताना पाय टेकला. दुसऱ्या वेळी परीक्षा घेणारे साहेब विचारात पडले, तर शरच्चंद्रच पुढे होऊन म्हणाले, "नियम म्हणजे नियम. नापास करा." चारचौघांत. त्यानंतर मी गाडीचं नाव टाकलं.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. आठवड्यातून तीनदा धंतोलीच्या दवाखान्यात व्यायामाला न्यायचं. नेलं तर बोटं उघडतात, चुकवलं की पुन्हा मिटतात. त्यांना ऑटोत चढवता-उतरवता माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी त्यांनीच डाव्या हातानं पाटीवर लिहून दिलं: बॅटरीची स्कूटर, वेग पंचवीसच्या आत, मोटर अडीचशे वॅटपर्यंत, लायसन्स नको. एकसष्टाव्या वर्षी मी गाडी चालवायला लागले. अगदी नियमात बसून.

अजनीच्या पुलाच्या चढावर ती गाडी रडतखडत जायची. मागून बसवाले भोंगे वाजवायचे. एक जण तर म्हणाला, "काकू, उतरून ढकला ना." मी लक्ष द्यायची नाही. मग महिन्याभरापूर्वी गाडी चढावर बरी पळायला लागली. मला वाटलं, गॅरेजवाल्या गोलूनं सर्व्हिसिंग चांगलं केलं.

गेल्या मंगळवारी पुलाच्या अलीकडे आरटीओची तपासणी लागली होती. जितेंद्र नावाचा तरणा इन्स्पेक्टर पुढे आला.

"काकू, याले लायसन नाही लागत, मले माहीत आहे. पन गाडी पाहू द्या."

मागे बसलेल्या शरच्चंद्रांना मी उतरवून कडेच्या ओट्यावर बसवलं. जितेंद्रचा माणूस गाडी घेऊन निंबाच्या झाडापर्यंत गेला आणि परत आला. काटा बेचाळीसवर गेला होता.

"वेग बांधणारी वायर काढली आहे कोनीतरी. आता कायद्यानं ही मोठी गाडी झाली. नंबर पाहिजे, विमा पाहिजे, लायसन पाहिजे."

माझं डोकंच फिरलं. तिथंच गोलूला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "काहून काढली गा वायर?"

"काकू, मी नाहीच म्हणून राहिलो होतो. काकांनीच पाटीवर लिहून देल्लं ना."

मी वळून बघितलं. शरच्चंद्र आपल्या चपलांकडे बघत बसले होते. जितेंद्रही त्यांच्याकडे बघत होता, आणि आता त्यानं ओळखलं.

"सर, तुम्ही? मी नवा होतो तवा तुमच्याच हाताखाली शिकलो." मग हळूच म्हणाला, "तुमीच सांगा सर, काय करू?"

एकदा, फक्त एकदा ह्या माणसानं नियमापासून तोंड फिरवावं, असं मला मनापासून वाटलं. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागला.

"जप्त," ते म्हणाले.

ऑटोची वाट बघताना मी बोलून घेतलं. माझ्या वेळी नियम म्हणजे नियम, आणि आता मला न विचारता हे धंदे?

"पुलावर... मागून बस येते," ते म्हणाले. "मला काही... करता येत नाही. तुझी पाठ दिसते... फक्त."

मी इतकी थकले होते की धड रागावताही आलं नाही.

त्या आठवड्यात व्यायामाचे दोन दिवस बुडाले. बोटं पुन्हा मिटायला लागली. वायर जोडून, कागद करून गाडी सुटेल, असं जितेंद्र म्हणाला होता. म्हणजे पुन्हा तोच चढ आणि तेच भोंगे. "नाहीतर मोठी गाडी घ्या, पन मग लायसन काढा काकू," हेही म्हणाला होता.

शनिवारी सकाळी दार उघडलं तर शरच्चंद्र अंगणात खुर्चीवर बसलेले. पायजम्यावर रांगोळी सांडलेली. समोर फरशीवर, खुर्ची सरकवत सरकवत, त्यांनी भला मोठा आठ काढला होता. वरचा गोल ऐसपैस, खालचा चेपलेला. त्यांच्या उजव्या मुठीत, मिटलेल्या बोटांत, अजून रांगोळी होती.

"गाडी कुठं आहे?" मी विचारलं.

"चालत," ते म्हणाले.

मी पदर खोचला आणि त्या रेघेच्या आतून चालायला लागले. खालच्या वळणावर टाचेनं रेघ पुसली.

"नापास," ते म्हणाले. वाकड्या तोंडानं हसत होते.

"चारचौघांत तरी नाही," मी म्हणाले, आणि पुन्हा सुरुवातीला जाऊन उभी राहिले.