धुक्यात वाजणारा भोंगा

चार लोकांत उभं राहून बोलायला श्रद्धा ओव्हाळ कधी घाबरली नव्हती. तिच्या गावी, नवलाख उंबऱ्यात, दरवर्षी भीमजयंतीला ती माइक हातात घ्यायची आणि मागच्या रांगेतल्या बायकाही गप्पा थांबवून ऐकायच्या. पण लोणावळ्याच्या त्या हॉटेलात, फायर अलार्मचं काम करणाऱ्या माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये, प्रशिक्षण देणाऱ्या अनघा मॅडमनी “कुणाला काही विचारायचंय?” म्हटलं की तिची मान आपोआप खाली जायची.

विचारायचं तर होतं. तेवढ्यासाठीच ती आली होती.

पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केल्यावर श्रद्धा तळेगावच्या एका लहानशा कंपनीत लागली. आग लागली की वाजणारे अलार्म बसवायचे आणि नंतर त्यांची देखभाल करायची, हे काम. एमआयडीसीतले तीन-चार कारखाने तिच्याकडे होते आणि तिथलं सगळं सुरळीत चाललेलं असायचं. अडलं होतं ते पवनानगरजवळच्या ‘निवांत’मध्ये. धरणाच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर बांधलेला तो वृद्धाश्रम. लोणावळ्याच्या निवृत्त शिक्षिका शुभदाताई तो चालवायच्या.

पाऊस सुरू झाल्यापासून तिथला भोंगा वेळी-अवेळी वाजत होता. विशेषतः पहाटे, धुकं टेकडीवरून खाली उतरलं की वरच्या मजल्यावरचा एखादा डिटेक्टर त्याला धूर समजायचा, आणि सगळी इमारत दणाणून उठायची. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून जिन्यावरून खाली आणायचं, भिजत अंगणात उभं करायचं आणि मग सांगायचं, काही नाही, चला परत. श्रद्धाने डिटेक्टर पुसले, बदलले, पुन्हा बदलले. आठवडाभर शांतता, की परत भोंगा.

जुलैच्या शेवटी अशाच एका पहाटे बयाबाई जिन्यात घसरल्या. ऐंशीच्या घरातली बाई. हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्यासारखा सुजला. श्रद्धा भेटायला गेली तेव्हा त्या पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या.

“पोरी, तुज्यावर राग न्हाई माजा,” त्या म्हणाल्या. “पन आता ते भुंकलं तरी मी उठायची न्हाई. जळाले तर जळाले.”

ते वाक्य श्रद्धाच्या डोक्यातून जाईना. भोंगा उगाच वाजतो हे एक वेळ चाललं असतं. पण तो वाजला आणि माणसं उठली नाहीत, तर त्या छताला लावलेल्या पांढऱ्या डब्या असून नसून सारख्याच. आणि खरंच धूर निघाला तर? ती कामावर असो की घरी जेवायला बसलेली असो, हा विचार येऊन जायचाच.

लोणावळ्याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण जाहीर झालं तेव्हा तिने मालकांकडे हट्टच धरला. अतुल सरांनी पाठवलं, पण निघताना बजावलं, “तिथे सगळे आपल्याच धंद्यातले असतात. ऐकायचं सगळ्यांचं. आपल्या साइटबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही. कुठे आपलं अडलंय हे कळलं की दुसऱ्या दिवशी तिथे दुसऱ्याचा माणूस उभा.”

त्यामुळे पहिला दिवस ती नुसती ऐकत राहिली. चहाच्या वेळी माणसं एकमेकांच्या हातात व्हिजिटिंग कार्ड सरकवत होती, पाठीवर थाप मारत होती, “अरे, तुम्हीच का ते नाशिकचे?” असं ओरडत होती. अनघा मॅडमनी तर सांगूनच टाकलं होतं, की व्याख्यानं विसरलात तरी चालेल, पण इथून नव्या ओळखी घेऊन जा. श्रद्धा कप हातात धरून खिडकीशी उभी राहिली. बाहेर दरीतून ढग वर येत होते आणि तिला निवांतचा वरचा मजला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्र सुरू व्हायच्या आधीच शुभदाताईंचा फोन आला.

“श्रद्धा, आज पहाटे परत वाजला. झुंबरबाईंना धाप लागली, डॉक्टरांना बोलवावं लागलं. आता पुरे झालं. दुपारी वायरमन येतोय, मी ते सगळं बंद करून टाकणार आहे.”

“ताई, नको! बंद नका करू. तिथे माणसं झोपतात, अर्ध्यांना तर आधाराशिवाय चालता येत नाही.”

“मग मी काय करू? भोंग्यानेच मारू का त्यांना?” शुभदाताईंचा आवाज चिरकला. त्या कधी अशा बोलत नसत. “तूच सांग. तुझ्याकडे काही उपाय आहे?”

“संध्याकाळपर्यंत थांबा,” ती म्हणाली. “मी येते आणि मग काय ते ठरवू. तेवढं ऐका माझं.”

शुभदाताई म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत. पुढे नाही.”

फोन ठेवून ती हॉलमध्ये आली आणि अतुल सरांचं बजावणं तिने बाजूला ठेवलं. ठरवून नव्हे. अनघा मॅडमनी नेहमीसारखं “काही शंका?” विचारलं आणि आपण उभ्या राहिलोय हे तिला उभं राहिल्यावरच कळलं.

“माझी एक साइट आहे,” ती म्हणाली. “तिथे धुक्यामुळे अलार्म वाजतो. मला जमेल ते सगळं मी करून पाहिलं आणि मला ते सुटलेलं नाही.”

तिला वाटलं होतं, कुणीतरी हसेल. पण हॉलभर वेगळीच कुजबुज उठली. एक जण म्हणाला, आमच्याकडे गुऱ्हाळाच्या वाफेने हेच होतं. दुसऱ्याने धूर आणि उष्णता दोन्ही ओळखणारे डिटेक्टर लावायला सांगितलं, तिसरा म्हणाला ते महाग पडतं, आधी कारण शोधा. अनघा मॅडम खुर्ची ओढून तिच्यासमोरच बसल्या आणि विचारत गेल्या. कुठल्या मजल्यावर? न्हाणीघराच्या जवळ? खिडक्या उघड्या असतात का? श्रद्धा सांगत गेली. न्हाणीघरं लांब होती. खिडक्या पहाटे बंदच असायच्या.

“मग धुकं आत येतं कुठून?” मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली.

जेवणाच्या रांगेत एक जाडसर, पिकल्या मिशांचा गृहस्थ ताट घेऊन तिच्यामागे येऊन उभा राहिला.

“मी हनुमंत. महाबळेश्वरला असतो, हॉटेलांची कामं करतो,” तो म्हणाला. “ताई, वरच्या मजल्यावर पत्र्याचं छप्पर आहे का? आणि खाली पीओपीचं सीलिंग?”

“हो.”

“डिटेक्टर बदलले तुम्ही. पण तो ज्या बेसवर बसतो, त्याच्या मागचं पाइपाचं तोंड कधी बघितलं?”

“वायर येते त्यातून. त्यात काय बघायचं?”

“वायरबरोबर हवाही येते ना.” त्याने ताट टेबलावर ठेवलं आणि मूठ उलटी करून दाखवली. “पत्र्याखाली धुकं कोंडतं. तिथली थंड, ओली हवा पाइपातून उतरते आणि डिटेक्टरच्या पाठीतून आत शिरते. तुम्ही खिडक्या बघत बसता, आणि धुकं वरून येत असतं. माझी दोन वर्षं गेली हे कळायला. तेही मला कळलं नाहीच, अशाच एका शिबिरात मुन्नारच्या एका माणसाने सांगितलं. त्याला मराठी येत नव्हतं, मला मल्याळम. कागदावर चित्र काढून समजावलं बिचाऱ्याने.”

श्रद्धाला एकदम आठवलं, डिटेक्टर काढताना कधीकधी बोटांना गार झुळूक लागायची. शिडीवर उकडत असायचं, म्हणून ती बरी वाटायची.

“तुम्ही याल का माझ्याबरोबर?” तिने विचारलं, आणि विचारल्यावर ओशाळली. “म्हणजे, तुमच्या वाटेवर नाहीये ते.”

“वाट वाकडी करता येते की,” हनुमंत म्हणाला.

बाजूच्याच टेबलावरून अनघा मॅडमनी मान वर केली. “गाडीत जागा असेल तर मीही येते, दुपारी माझं सत्र नाही. मी हे वाचलंय, पण कधी बघितलेलं नाही.”

निघण्याआधी अतुल सरांना फोन करणं भाग होतं. अपेक्षेप्रमाणे ते तडकले. “कोण हा हनुमंत? साइट पळवेल आपली!”

“सर, ते महाबळेश्वरचे आहेत. दर महिन्याला पवनानगरला यायला त्यांना परवडेल का?”

“बघ बाबा,” सर शेवटी म्हणाले. “पण झालं काय ते मला लगेच कळव.”

हनुमंतच्या गाडीतून दुधिवरे खिंड उतरताना धुक्यात पुढचा रस्ता दिसत नव्हता. निवांतच्या दारात शुभदाताई शाल लपेटून उभ्या होत्या आणि व्हरांड्यात वायरमन चहा पीत बसला होता. श्रद्धाने त्याच्याकडचीच शिडी मागून घेतली, भोंगा तात्पुरता बंद केला आणि वरच्या मजल्याच्या मधोमध, सगळ्यात जास्त वाजणाऱ्या डिटेक्टरखाली ती उभी केली.

डिटेक्टर काढला. बेसचे स्क्रू सैल करून बेस खाली ओढला. मागे पाइपाचं उघडं तोंड होतं. तिने तळहात त्याच्यासमोर धरला, आणि फ्रिजचं दार उघडल्यासारखी हवा हातावर आली. बोट आत घालून फिरवलं तर बोट ओलं.

खालून मॅडम विचारत होत्या, “आहे का? आहे का गं?” तिला हसू येत होतं.

“आहे,” ती म्हणाली. “मॅडम, तुम्ही या वर, हात लावून बघा.”

अनघा मॅडम साडीचा पदर खोचून शिडी चढल्या. हात लावला आणि लहान मुलीसारख्या “अय्या!” म्हणाल्या. हनुमंत भिंतीला टेकून मिशीतल्या मिशीत हसत होता.

काम तसं अवघड नव्हतं. प्रत्येक पाइपाचं तोंड वायरभोवती सिलिकॉनने बंद करायचं, बेस पुसून कोरडा करायचा, डिटेक्टर पुन्हा बसवायचा. वायरमनही हाताशी आला. दिवेलागणीपर्यंत वरचा मजला पुरा झाला. हनुमंतला पुढचा घाट गाठायचा होता आणि मॅडमना पुण्याला सोडायचं होतं. शुभदाताईंनी दोघांना पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय हलू दिलं नाही. गाडीत बसताना हनुमंत म्हणाला, “उद्या सकाळी फोन करा. वाजला तरी करा, नाही वाजला तरी करा.”

श्रद्धा मागेच राहिली. घरी आईला कळवलं, भोंगा पुन्हा चालू केला आणि वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत पडली.

पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. धरण नाही, झाडं नाहीत, अंगणातला नळसुद्धा दिसेना. हीच ती वेळ. ती बाहेर येऊन व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली. शुभदाताईही उठून आल्या आणि शेजारी टेकल्या. दोघी छताकडे बघत राहिल्या. खाली स्वयंपाकघरात भांडी वाजली तरी दोघी दचकत होत्या.

काही झालं नाही. धुकं पातळ झालं, कौलारू गोठा दिसायला लागला, मग धरणाचं पाणी. शुभदाताईंनी डोळ्यांना पदर लावला. “किती दिवसांनी सकाळ झाली असं वाटतंय,” त्या म्हणाल्या.

पण श्रद्धाचं समाधान होईना. भोंगा गप्प बसला तो शहाणा झाला म्हणून, की मुका झाला म्हणून? पाइप बंद करताना एखादी वायर निसटली असली तर? ती म्हणाली, “ताई, मला एकदा वाजवून बघायचाय. सगळ्यांना आधी सांगू या.”

खोलीखोलीत जाऊन सांगितलं. मग तिने पिशवीतला धुराचा स्प्रे काढला आणि मधल्या डिटेक्टरखाली फवारला. क्षणभर शांतता. मग लाल दिवा लागला आणि भोंगा असा काही दणाणला, की खालचा कुत्रा भुंकायला लागला. श्रद्धा शिडीवरच्या शिडीवर हसत सुटली. त्या आवाजाचा तिला इतका आनंद आजवर कधी झाला नव्हता.

बयाबाईंच्या खोलीचं दार उघडलं. वॉकर पुढे टाकत त्या उंबऱ्यापर्यंत आल्या.

“ह्यो खरा का खोटा?” त्यांनी ओरडून विचारलं.

श्रद्धाने खाली उतरून भोंगा थांबवला. “खरा, आजी. धूर मीच केला होता. आणि पहाटे एवढं धुकं होतं, तरी गप्प होता बघा.”

“व्हय? म्या म्हनलं आज कान गेलं का काय माजं.” बयाबाईंनी छताकडे बघितलं, मग आपल्या गुडघ्याकडे. “बरं. आता असा वाजला तर उठंन मी. पन खालची खोली दे म्हनावं शुभदाला. जिना नगं.”

“आजच हलवते तुम्हाला,” शुभदाताई मागून म्हणाल्या. “हे मला आधीच सुचायला हवं होतं.”

श्रद्धाने आधी हनुमंतला फोन केला, मग अनघा मॅडमना, आणि शेवटी अतुल सरांना. सरांनी सगळं ऐकून घेतलं. “पुढच्या वर्षी पण असतं का गं ते लोणावळ्याचं?” त्यांनी विचारलं. “मी पण येईन म्हणतो.”

स्वयंपाकघरातून उपीट आलं. झुंबरबाईंनी तिला आपल्या पलंगावर बसवून घेतलं आणि आपल्या नातवाच्या लग्नाची गोष्ट सुरू केली. ताटली रिकामी होईपर्यंत श्रद्धा हुंकार देत होती. मग हुंकार थांबले. महिनाभराची झोप एकदमच आली असावी. झुंबरबाईंनी तिच्या अंगावर गोधडी टाकली. बाहेर तिला घरी न्यायची ती कामशेतची जीप हॉर्न वाजवत येऊन थांबली, थोडा वेळ वाट बघून निघूनही गेली, आणि तिला कुणी उठवलं नाही.