आधी पांढरं पुसायचं

"मावशी, रंगीत पेन नाही चालायचे. निळा नाहीतर काळा, बस."

पर्यवेक्षक पंकजा मॅडमनी हात पुढे केला. लंकाबाईंनी लाल, हिरवा, पिवळा असे तिन्ही स्केचपेन मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवले. दहावीचे बाकीचे विषय गेल्या वर्षीच सुटले होते. इंग्रजीत मात्र अठ्ठाविसावर गाडी अडली होती. आज तेवढाच एक पेपर, आणि त्याची तयारी सगळी तीन रंगांत झालेली!

लंकाबाई मिरजगावाजवळच्या हायस्कुलात शिपाई. सातवीत असताना आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्या, आणि पुन्हा शाळेत आल्या त्या थेट घंटा वाजवायला. बावीस वर्षं त्यांनी काकासाहेब सरांचा फळा पुसला. सरांना इंग्रजी वाक्य दिसलं की ते सोडवल्याशिवाय चैन पडत नसे. कर्ता लाल खडूने, क्रियापद हिरव्याने, कर्म पिवळ्याने आणि उरलेलं किडुकमिडुक पांढऱ्याने. तास संपत आला की व्हरांड्यात हाक यायची, "लंकाबाई, डस्टर!" मग आधी पांढरं पुसायचं, मग पिवळं, मग हिरवं. दर वेळी उरलेलं मुलं बेंबीच्या देठापासून वाचायची. शेवटी लाल शब्द एकटा राहायचा.

एके दिवशी लंकाबाई डस्टर घेऊन तिथेच थांबल्या.

"सर, इतकी वर्षं पुसतीय, पर काय पुसतीय ते एकदा वाचायचं हाय मला."

सर हसले नाहीत. त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आणला आणि स्वतः भरला. मधल्या सुट्टीत भाकरी खाता खाता शिकवणी सुरू झाली. घरी नवरा, भागवतराव, म्हणाले, "आता शिकून काय कलेक्टर हुनार हाय का?"

"व्हईन की. तुमी गाडी चालवा माझी," लंकाबाई म्हणाल्या. त्या घरात तो विषय तिथेच मिटला.

आणि आता पेपरात समोर वाक्य होतं, त्यातला कर्ता ओळखायचा होता. 'द लिटल गर्ल लॉस्ट हर न्यू अम्ब्रेला इन द बस.' सगळं एकाच काळ्या शाईत, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असं. घड्याळाचा काटा काही थांबत नव्हता.

मग त्यांचा उजवा हात आपोआप उठला. त्यांनी प्रश्नपत्रिकेवर तळवा ठेवला आणि तो उजवीकडून सरकवला. आधी पांढरं. बस गेली. 'न्यू' बोटाखाली झाकला, 'लिटल' झाकला. मग पिवळं. छत्री पुसली, नाहीतरी ती हरवलीच होती. मग 'लॉस्ट' गेला आणि मुलगी तेवढी उरली. पोरगी लाल नव्हती, तरी लंकाबाईंना ती लखलखीत लाल दिसली.

"काय चाललंय मावशी?" पंकजा मॅडम जवळ आल्या.

"काय न्हाई मॅडम. पुसतीय."

मॅडमना काही कळलं नाही. पण परीक्षेत स्वतःच्याच प्रश्नपत्रिकेवरून हात फिरवू नये असा नियम कुठे आहे? त्या पुढे गेल्या. लंकाबाईंनी एकेक वाक्य पुसून काढलं आणि निळ्या पेनाने उत्तरं लिहिली.

मे महिन्यात निकाल लागला. सरांनी तो आपल्या मोबाईलवर उघडला आणि चष्मा पुसून दोनदा बघितला. "एक्केचाळीस!" ते इतक्या मोठ्याने ओरडले की ऑफिसातला क्लार्क उठून उभा राहिला. लंकाबाईंना आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदमच. त्यांनी पदर तोंडाला लावला.

महिनाअखेरीस सर निवृत्त झाले. सुट्टीमुळे शाळा रिकामीच होती. नारळ, शाल, चहा आटोपल्यावर ते दहावीच्या वर्गात आले आणि त्यांनी खडूंची पेटी लंकाबाईंपुढे धरली.

"आज तुम्ही लिहा. मी पुसतो."

"ह्या, काय तरीच!"

"लिहा हो."

लंकाबाईंनी बराच वेळ विचार केला. मग वळणदार नसली तरी ठाम अक्षरं फळ्यावर उमटली. 'काकासाहेब सर टॉट मी इंग्लिश.' सरांचं नाव त्यांनी लाल खडूने काढलं आणि तेवढं पुन्हा गिरवलं.

सरांनी डस्टर उचललं. "बरोबर. सांगा, आधी काय पुसू?"

लंकाबाईंनी त्यांच्या हातातून डस्टर काढून घेतलं.

"काय बी न्हाई. ऱ्हाऊ द्या."

सर पुढे झाले. लंकाबाईंनी मागून खिडक्या लावल्या, दार ओढलं आणि कुलूप घातलं. जूनमध्ये शाळा उघडली की तो फळा त्यांनाच पुसायचा होता.